हे आणलं कुठून?

फोन हातात आहे ना? मग एक काम करा. ज्या ग्रुपवर सगळ्यात जास्त बातम्या येतात, तो उघडा आणि कालची कुठलीही एक बातमी वाचा. आता सांगा, ती लिहिली कुणी? छापून आली कुठं? आणि ती कालचीच आहे, हे तुम्हाला कशावरून कळलं?

बघून या. मी थांबते.

नाही ना सापडलं? 'जास्तीत जास्त शेअर करा' एवढं मात्र सापडलं असेल. फार तर खाली 'साभार' असेल. कुणाचे आभार, ते नसेल. मी तर 'साभार – व्हॉट्सअ‍ॅप' असंही वाचलंय. म्हणजे कुणी घरी जेवायला बोलावलं आणि आपण जेवून उठल्यावर आभार मानले ते रस्त्याचे.

या पानावर इंटर्न म्हणून येण्याआधी मी चार महिने बीडमधल्या एका छोट्या न्यूज वेबसाइटवर काम केलं. तिचं नाव सांगत नाही, कारण पुढं जी चूक सांगणार आहे ती माझी आहे. ही वेबसाइट सगळ्यांसाठी उघडी होती. मोबाइल नंबर टाकून नाव नोंदवायचं आणि बातमी टाकायची. पाटोद्यातून टाका, धारूरमधून टाका, ऊसतोडीला गेलेल्या टोळीतून टाका. टँकर आला नाही, टाका. ग्रामसभा झालीच नाही पण रजिस्टरवर सह्या मात्र झाल्या, टाका. आधी कुणी तपासणार नाही, बातमी लगेच दिसणार. नंतर एक इंटर्न सगळं वाचणार. ती इंटर्न मी.

पहिल्या दिवशी सरांनी काम सांगितलं ते असं : शिवीगाळ काढायची, कुणाच्या घरातल्या भानगडी काढायच्या, बाकीचं राहू द्यायचं. मास कॉमच्या वर्गात 'नागरिक पत्रकारिता' शिकून ताजी ताजी आलेली मी. मला वाटलं, आता अख्खा जिल्हा माझ्याशी बोलणार.

जिल्हा बोलतच नव्हता. तो फॉरवर्ड करत होता.

आलेल्या मजकुरातला बराचसा भाग दुसऱ्यांच्या बातम्यांचा होता. पूर्णच्या पूर्ण उचललेल्या. एका बातमीच्या मधोमध 'हेही वाचा' तसंच राहिलेलं. एकीत 'आमच्या प्रतिनिधीकडून' होतं आणि टाकणारा होता आमच्या ओळखीचा मोबाइल रिचार्जवाला. रेल्वेच्या बातम्यांची तर वेगळीच गंमत. अहिल्यानगर–बीड–परळी मार्ग नव्वदच्या दशकात मंजूर झाला आणि बीडच्या स्टेशनातून पहिली प्रवासी गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला. मधल्या काळातली 'बीडकरांचे स्वप्न लवकरच पूर्ण' ही बातमी तारीख काढून टाकली की कोणत्याही वर्षी ताजीच. तीन वेगवेगळ्या वर्षांतले 'लवकरच' मी एकाच आठवड्यात वाचलेत.

हसू येतं. पण उन्हाळ्यात हेच प्रकरण हसण्यासारखं राहत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं, आठवतं? पहिल्या खेपेला दहा वॅगन, साधारण पाच लाख लिटर. त्या गाडीचा फोटो आणि बातमी आमच्याकडे 'आजची' म्हणून आली. अंबाजोगाईच्या एका मुलीनं खाली विचारलं होतं, लातूरला पाणी आलं, मग आपल्याकडं कधी येणार? तिला काय उत्तर द्यायचं?

सिएटलपासून पाटोद्यापर्यंत

हे दुखणं काही आपल्याच गावचं नाही. आधी कुणी न तपासता कुणालाही बातमी टाकू द्यायची, ही कल्पना जगभर गाजली ती नोव्हेंबर १९९९ मध्ये. अमेरिकेत सिएटलला जागतिक व्यापार संघटनेची परिषद होती आणि रस्त्यावर तिच्या विरोधात हजारो लोक. मोठी चॅनेलं आमचं म्हणणं दाखवणार नाहीत, म्हणून आंदोलनातल्याच लोकांनी 'इंडीमीडिया' नावाची वेबसाइट सुरू केली. जो रस्त्यावर आहे त्यानंच लिहायचं. पुढच्या काही वर्षांत देशोदेशी अशी केंद्रं निघाली.

आणि तिथंही हेच झालं. स्वतः पाहिलेलं लिहायला वेळ लागतो, उचलायला दोन बोटं पुरतात. म्हणून मोठ्या वृत्तसंस्थांना वैतागून काढलेल्या जागेवर त्याच मोठ्या वृत्तसंस्थांच्या बातम्या येऊन पडू लागल्या. काही देशांतल्या गटांनी मग नियम केला की नुसतं उचलून चिकटवलेलं पहिल्या पानावर ठेवायचं नाही, मागं सरकवायचं. पुसून टाकायचं नाही. कुणाला बघायचंच असेल तर बघता येईल. मला हे आवडतं. पुसलं की माणूस चिडतो आणि परत टाकतो. मागं सरकवलं की विचारतो, 'का?' त्या 'का'मधून बोलणं सुरू होतं.

मला हे सगळं माहीत असतं तर बरं झालं असतं. पण मी आधी चूक केली आणि मग वाचलं.

४,६०५

मार्चचे शेवटचे दिवस. ऊसतोडीहून टोळ्या परतायला लागल्या होत्या. एका संध्याकाळी एक पोस्ट आली. मथळा साधारण असा, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढली. खाली चार परिच्छेद. लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही.

तुम्ही बीडचे असाल तर हा विषय तुम्हाला सांगायला नको. मलाही तो खराच माहीत होता. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीची आई अशा ऑपरेशननंतर आजही कंबर धरून बसते. म्हणून मी विचार केला, इतकी महत्त्वाची बातमी, मागं का राहावी? ती मी उचलून सगळ्यात वर ठेवली.

दोन दिवसांनी केज तालुक्यातून एका आशाताईंचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे.

"ते बायांच्या पिशवीचं तुमीच टाकलंय का?"

म्हटलं, टाकलं दुसऱ्यानं, पण वर मी ठेवलंय.

"मंग ऐका. त्या साऱ्या काय ऊसतोडीच्या बाया नव्हत्या. आन तीन वर्षं म्हंजी कोणती? ही का मागली? आमच्या तांड्यावर बाया इचारायल्यात, परत सर्वे येणार का म्हणून. एकजण तर दवाखान्यात यायलाच तयार नाही. तुमी टाकता आन मोकळं होता. आमाला दारोदार जावं लागतं."

फोन ठेवला तेव्हा माझे कान गरम झाले होते. दुसरा अख्खा दिवस मी एकच काम केलं. उलटं चालत गेले. कॉपीवरून कॉपीवर, मागं मागं.

सापडलं ते असं. एप्रिल २०१९ मध्ये 'हिंदू बिझनेसलाइन' या इंग्रजी दैनिकात राधेश्याम जाधव यांची बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर बातमी आली आणि देशभर खळबळ उडाली. जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात आकडा सांगितला : बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया. त्याला जोडून त्यांनी हेही सांगितलं होतं, की या सगळ्या शस्त्रक्रिया ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या नव्हत्या. जुलै २०१९ मध्ये बीबीसीनं यावर सविस्तर लिहिलं, त्यातही ही दोन्ही वाक्यं एकापाठोपाठ आहेत.

मला सापडलेल्या कॉप्यांमध्ये पहिलं वाक्य सगळीकडे होतं. दुसरं वाटेत कुठंतरी गळालं. मग कुणीतरी मथळ्यात 'ऊसतोड' हा शब्द आणून बसवला. आधी नाव गेलं, मग तारीख गेली आणि २०१९ ची ती 'तीन वर्षं' कायमची 'गेली तीन वर्षं' होऊन बसली. एकाही माणसानं मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं. प्रत्येकानं थोडं थोडं कापलं होतं. आणि शेवटची कात्री माझी, कारण ते वर ठेवणारी मीच.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, विषय तर खराच आहे ना? तेच तर सांगतेय. विषय इतका खरा आहे की त्याला फुगवायची गरजच नव्हती. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. त्या वेळी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे साधारण सहा बायकांमागे एक. हा आकडा ४,६०५ पेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि तो नेमका ऊसतोड महिलांचाच आहे. आमच्या पोस्टमध्ये हा आकडाच नव्हता! चुकीच्या जागी बसवलेला लहान आकडा वर ठेवून मी बरोबर जागेवरचा मोठा आकडा झाकला. शिवाय उद्या एखाद्या डॉक्टरनं 'हे बघा, आकडाच चुकीचा' म्हटलं असतं, तर त्याला निसटायला दार मीच उघडून दिलं असतं.

एक गोष्ट आणखी. त्या वर्षी एका गावाचं नाव बातम्यांतून इतकं फिरलं की त्या गावाला ओळखच ती मिळाली. ते नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. त्या गावच्या मुली आज तुमच्याच कॉलेजात शिकत असतील.

मूळ छापणारा चूक झाली की दुरुस्ती करतो, निदान करू शकतो. कॉपीला ती सोय नाही. मूळ वेबसाइटवर खाली 'दुरुस्ती' अशी ओळ आली तरी हजार ग्रुपांवर पडलेल्या हजार कॉप्यांना ती कळणार कशी? म्हणून लिंक मागायची. लिंक असली की वाचणारा हवं तेव्हा मूळ घरी जाऊन बघू शकतो.

कायदा काय म्हणतो

इथं थोडं कोरडं होईल, पण परीक्षेत येतं, म्हणून सहन करा.

आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. माहितीवर कुणाची मालकी नसते. केजला गारपीट झाली ही गोष्ट कुणाचीच नाही, ती कुणीही आपल्या शब्दांत लिहावी. मालकी असते ती शब्दांच्या मांडणीवर. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये हेच सांगितलं, की कल्पना, विषय, ऐतिहासिक घटना यांवर कॉपीराइट नसतो.

कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलतींची लांब यादी आहे. समीक्षा करताना किंवा चालू घडामोडींची बातमी देताना दुसऱ्याच्या मजकुराचा वाजवी वापर चालतो. आणि त्यातच एक छोटं पोटकलम आहे, जे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयावरचा लेख दुसऱ्या वृत्तपत्रात, मासिकात किंवा नियतकालिकात पुन्हा छापता येतो, जर लेखकानं तो हक्क स्पष्टपणे स्वतःकडे राखून ठेवला नसेल तर. म्हणजे 'सर्व हक्क राखीव' ही ओळ आपण शोभेची समजतो, ती शोभेची नाही. आणि 'वेबसाइट' हा शब्द त्या पोटकलमात नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर तुम्ही आपला ग्रुप किंवा पोर्टल चालवू नका.

आणखी दोन गोष्टी आपल्या पोरांना माहीत नसतात. एक, भाषांतर. इंग्रजी बातमी घेतली, मराठीत केली, खाली आपलं नाव टाकलं, झाली आपली? नाही. भाषांतर करू देण्याचा हक्कही मूळ मालकाचाच. दुसरी, कलम ५७. कॉपीराइट विकून टाकला तरी 'हे मी लिहिलंय' असं म्हणण्याचा आणि आपल्या लिखाणाची मोडतोड केली तर हरकत घेण्याचा हक्क लेखकाकडे राहतो. उचलेगिरी सिद्ध झाली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड, असं कायद्यात लिहिलेलं आहे. आणि वेबसाइट चालवणाऱ्याकडे मूळ मालकाची रीतसर लेखी तक्रार आली, तर २०१३ च्या नियमांप्रमाणे ३६ तासांच्या आत तो मजकूर बघता येणार नाही असं करावं लागतं, २१ दिवसांसाठी. त्यात मालकानं कोर्टाचा आदेश आणला नाही तर मजकूर परत लावता येतो.

सगळंच काही बंद कुलपात नसतं. जिल्हा माहिती कार्यालयाची प्रेस नोट छापण्यासाठीच असते. पीटीआयची बातमी दहा पेपरांत शब्दशः सारखी दिसते, कारण ते पेपर तिचे वर्गणीदार आहेत. आणि काही लेखक, संस्था 'क्रिएटिव्ह कॉमन्स'चा परवाना लावतात. पहिले परवाने २००२ मध्ये आले. त्यात आधीच सांगितलेलं असतं की नाव द्या आणि न्या, किंवा न्या पण धंद्यासाठी नको, किंवा न्या पण बदल करू नका. लेखाच्या तळाशी ती ओळ असते. आपण तळापर्यंत जात नाही, एवढंच.

पण मग पोचणार कसं?

आता दुसरी बाजू. ती मला एका पोरानं ऐकवली. शिरूर कासारचा, बी.ए. दुसऱ्या वर्षाला, रोज पाच-सात बातम्या उचलून टाकणारा आमचा 'सर्वात सक्रिय सदस्य'. त्याच्या पोस्टी मागं सरकवल्या तेव्हा त्यानं थेट ऑफिस गाठलं.

"मॅडम, माझे आईबाप कर्नाटकात ऊस तोडायलेत. तिथं पेपर येत नाही. इंग्रजीत ऊसतोडीवर येतंय ते मी वाचतो, मराठी करतो, इथं टाकतो, त्यांना लिंक पाठवतो. माझ्या आधी त्यांना कुणी पाठवलं होतं का? तुम्ही?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. ऊसतोडीवरचा किती मजकूर मुंबई-दिल्लीत बसून इंग्रजीत लिहिला जातो, आणि ज्यांच्यावर लिहिलाय ते सहा महिने फडावर. त्यांच्यापर्यंत तो पोचवणारा हा पोरगा चोर कसा म्हणायचा? आणि चोर नसेल तर मूळ लिहिणाऱ्याचं, जो आठ-आठ दिवस पालावर राहून आला त्याचं, नाव का खोडायचं?

सर तेव्हा शांतपणे चहा पीत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तू नाव का काढतोस?" पोरगा म्हणाला, "लांब होतं म्हणून. मोबाइलवर पहिल्या दोन ओळीच दिसतात, तिथं मथळा यायला पाहिजे ना." म्हणजे हेतू चोरीचा नव्हताच. डिझाइनची अडचण होती!

त्याला मी 'पारी' दाखवलं. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेलं. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांवर तिथं कितीतरी लेख आहेत, आणि तेही मराठीत. नीट बघा, प्रत्येक लेखाला लिहिणाऱ्याचं नाव असतंच, पण भाषांतर करणाऱ्याचंही असतं. आणि लेख दुसरीकडे छापायचा असेल तर आम्हाला लिहा, असं ते सांगतात. पोरगा बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. मग म्हणाला, "भाषांतरवाल्याचं पण नाव लावतात व्हय?" त्याला पहिल्यांदाच कळलं की तो जे रात्री जागून करत होता, त्या कामालाही नाव असतं.

एकनाथांचं काम

इथं मला पैठण आठवतं. गोदावरीच्या काठाकाठानं गेलं तर गेवराईपासून काही फार लांब नाही. ज्ञानेश्वरी १२९० ची. छापखाना नव्हता, हातानं उतरवून घ्यायची. जवळपास तीनशे वर्षं लोक उतरवत राहिले. कुणाची ओळ सुटली, कुणाला शब्द कळला नाही म्हणून त्यानं सोपा घातला, कुणी भक्तिभावानं आपलीच ओवी मध्ये सरकवली. शेवटी संत एकनाथांनी जुन्या प्रती जमवल्या, शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिल्या आणि १५८४ मध्ये शुद्ध प्रत तयार केली. या पाठात आपली ओवी घुसडू नका, असं त्यांनी शेवटी बजावलंय. काम कधी पुरं झालं, त्याचा शकही नोंदवून ठेवलाय. शके १५०६.

मूळ कुणाचं, हात कुणाचा लागला आणि कधी. सगळं जागच्या जागी. नाथांना मॉडरेटर म्हटलं तर आमच्या आज्जीला राग येईल, म्हणून म्हणत नाही.

आम्ही शेवटी जे केलं ते यापेक्षा फार लहान होतं. वेबसाइटच्या पहिल्या पानावर फक्त स्वतः पाहिलेलं, स्वतः लिहिलेलं. त्यात व्याकरण चुकलं तरी चालेल. उचललेल्या मजकुराला एक वेगळा कप्पा, 'बाहेरून आलेलं'. तिथं काही टाकायचं तर आधी चार रकाने भरायचे : कुणी लिहिलं, कुठं आणि कोणत्या तारखेला आलं, परवानगी किंवा परवाना आहे का, आणि तुम्ही काय कापलं किंवा बदललं. परवानगी नसेल तर पूर्ण लेख घ्यायचा नाही. दोन-चार ओळींत आपल्या शब्दांत सांगायचं आणि लिंक द्यायची. पाचवा रकाना माझ्या हट्टानं आला : 'हे बीडच्या माणसानं का वाचावं?' तीन ओळी, स्वतःच्या. पहिल्या आठवड्यात बहुतेकांनी तिथं 'महत्त्वाचे आहे' एवढंच लिहिलं. एकानं लिहिलं, 'मॅडम त्रास देऊ नका.'

उचललेला मजकूर कमी झाला. वाचकही कमी झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. सर महिनाभर रोज संध्याकाळी आकडे बघायचे आणि गप्प बसायचे. लोकांना आयतं, सगळं एका ठिकाणी हवं असतं. पण त्या पाचव्या रकान्यात हळूहळू गंमत व्हायला लागली. साखर कारखान्यांच्या थकबाकीवरची एक बाहेरची बातमी टाकताना माजलगावच्या एका शेतकऱ्यानं तीन ओळींऐवजी दीड पान लिहिलं, स्वतःच्या थकलेल्या बिलाचं. सरांनी ते दीड पान पहिल्या पानावर घेतलं आणि त्यानं आणलेली बातमी त्याच्याखाली लिंक म्हणून लावली.

परवानगीचं पहिलं पत्र लिहायला मला दीड तास लागला. पुण्यातल्या एका लेखिकेला. 'आदरणीय' लिहू की 'नमस्कार', इथपासून तयारी. दहा मिनिटांत उत्तर आलं : आनंदानं घ्या, फक्त शेवटचा परिच्छेद कापू नका. मला कुणीतरी माझं प्रगतिपुस्तक वाचून दाखवतंय असं वाटलं. तुम्हीही कधी मागून बघा. कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी असलं तरी मागा. आपल्याला वाटतं मोठी माणसं उत्तर देणार नाहीत. मला चार महिन्यांत 'नाही' फक्त दोनदा मिळालं, आणि एकदा तर नाही म्हणताना का नाही, तेही नीट समजावून.

४,६०५ ची ती पोस्ट आम्ही पुसली नाही. तिच्यावर ठळक अक्षरांत दुरुस्ती लावली : आकडा कधीचा, कुणी सांगितलेला, कशाचा नाही, आणि ऊसतोड महिलांचा वेगळा आकडा कोणता. ती मीच वर ठेवली होती, हेही लिहिलं. सर म्हणाले, ते शेवटचं नसलं तरी चालेल. म्हटलं, असू द्या.

आशाताईंना लिंक पाठवली. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

माझा शेवटचा आठवडा होता, तेव्हा त्यांच्या नंबरवरून वेबसाइटवर पहिली पोस्ट आली. सात ओळी. ऊसतोडीहून परतलेल्या बायांचं हिमोग्लोबिन तपासायला गावात शिबिर लावलं, पण मशीनच्या पट्ट्या संपल्या आणि निम्म्या बाया तशाच परत गेल्या, अशी बातमी. खाली लिहिलं होतं : 'हे माझंच हाये. मीच बघितलं, मीच लिहिलं. आणलं कुठून म्हणून इचारू नका.'

शिबिर कोणत्या तारखेचं, ते मात्र राहिलं होतं. मी फोन लावला.